मळीचे समीक्षक

मराठी चित्रपटसमीक्षेला शास्त्रीय पाया जर कुणी घातला असेल, तर तो आमच्या साखर कारखान्याच्या चीफ केमिस्टसाहेबांनी. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. पाया घातला जात होता तेव्हा मी तिथे हजर होतो. मी त्यांचा असिस्टंट होतो आणि शेजारी उभा राहून काचेच्या नळ्या धूत होतो. त्या पायावर पुढे कुणी काही बांधले नाही याचे कारण इतकेच, की साहेबांचे समग्र समीक्षालेखन कारखान्याच्या सायक्लोस्टाईल केलेल्या पाक्षिक पत्रकात आले, आणि सभासद शेतकरी त्या पत्रकातली पाण्याच्या पाळीची तारीख वाचून झाली की त्यात मिरचीचे बी बांधून ठेवत.

कारखाना कोपरगाव तालुक्यातला, काळ दुष्काळाच्या आधीच्या दोन हंगामांचा. मी नुकताच बी.एस्सी. होऊन प्रयोगशाळेत लागलो होतो. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला दोन बशा दाखवल्या. एकीत पांढरीशुभ्र साखर होती. दुसरीत मळी, म्हणजे साखर काढून घेतल्यावर मागे उरतो तो काळा, चिकट, उग्र वासाचा पाक.

"कारखाना चांगला की वाईट, हे कशावरून ओळखाल?" त्यांनी विचारले.

मी अर्थातच साखरेच्या बशीकडे बोट केले.

"चूक. साखर सगळ्यांची गोडच असते. मळी बघायची. मळीत किती साखर वाया गेली, त्यावरून कळतं माणसाला काम येतं की नाही."

पुढे मला कळले की हे त्यांचे फक्त साखरेपुरते मत नव्हते. हे त्यांचे सगळ्याच बाबतीतले मत होते. शाळा बघायची तर नापास झालेल्या मुलांशी बोलायचे. आचारी बघायचा तर त्याची करपलेली आमटी चाखायची. माझे लग्न ठरत होते तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "मुलगी बघू नका. मुली सगळ्या चांगल्याच असतात. तिचा सगळ्यात निरुपयोगी मामा कोण, ते विचारा आणि त्याला भेटून या. तो जर सहन होत असेल, तर घर उत्तम." मी मामाला भेटलो. मामा सहन होण्यासारखा होता. लग्न झाले. मामा पुढे अकरा वर्षे आमच्याकडे राहिला.

याच न्यायाने साहेब मोठ्या दिग्दर्शकांचे फक्त पडलेले चित्रपट बघत. गाजलेला चित्रपट म्हणजे पोत्यात भरलेली साखर, असे ते म्हणत. तिच्यावर लिहिण्यासारखे काही नसते, पोते शिवायचे आणि गोदामात टाकायचे. दिग्दर्शकाची खरी परीक्षा त्याच्या मळीत.

या तत्त्वाला परिस्थितीचीही मदत होती. आमच्या गावात एकच टॉकीज होते, पत्र्याचे. गाजलेला चित्रपट आमच्यापर्यंत यायला तीन-चार वर्षे लागत, आणि येईपर्यंत त्याच्यावर इतक्या रेघा पडलेल्या असत की कुठल्याही ऋतूतली कथा पावसाळ्यात घडल्यासारखी वाटे. पडलेला चित्रपट मात्र महिन्याभरात येई, आणि त्याची प्रिंट कोरी करकरीत असे, कारण ती कुणी चालवलेलीच नसे. "बघा," साहेब मला पडद्याकडे बोट करून सांगत, "एक ओरखडा नाही. नमुना शुद्ध आहे."

रविवारी तीनच्या खेळाला आम्ही दोघे जात असू. साहेबांच्या गळ्यात प्रयोगशाळेतले स्टॉपवॉच, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. ते पडदा बघत तितकेच प्रेक्षकही बघत. कोण कितव्या मिनिटाला उठून गेले याची ते नोंद ठेवत. नुसते बाहेर जाऊन आलेले लोक ते नंतर वजा करत. मग सोमवारी त्यांचा लेख माझ्या हाती पडे आणि मी तो स्टेन्सिलवर टाईप करी. लेखात चित्रपटाचे नाव नसे. नावाने मत कलुषित होते, असे त्यांचे म्हणणे. नमुन्याला क्रमांक असे. एक लेख मला जवळजवळ पाठ आहे:

"नमुना क्रमांक चार. रंग: बरा. गाळ: दुसऱ्या गाण्यानंतर तळाशी बसू लागतो. गोडी: नायिकेच्या आईत आढळली, नायिकेत आढळली नाही. अज्ञात तूट: मध्यंतरानंतर नायकाचा धाकटा भाऊ दिसत नाही. तो कुठे गेला हे कथेतील कुणी विचारत नाही. दिग्दर्शकालाही ठाऊक नसावे."

अज्ञात तूट हा साखरेच्या धंद्यातलाच शब्द. आत आलेली साखर आणि बाहेर पडलेली साखर यांचा मेळ बसला नाही, की जी कुठे गेली ते कळत नाही, ती अज्ञात तूट. साहेबांना दिग्दर्शकांमध्ये ती फार आढळे.

हा मजकूर पत्रकात पाणीपाळीच्या शेजारी येई, त्यामुळे तो नाइलाजाने सगळा तालुका वाचत असे. एकदा एक म्हातारे सभासद पत्रक घेऊन थेट प्रयोगशाळेत आले.

"सायेब, हे तुमी लिवलंय ना, मध्यंतरानंतर गाळ हाय म्हनून?"

"हो."

"मंग पाटकरी पाठवा की. नुस्तं लिवून काय हुतंय?"

साहेबांनी त्यांना बसवून घेतले आणि हा गाळ पाटातला नव्हे, पाटाची देखभाल करणारा पाटकरी तो काढू शकणार नाही, हे पाऊण तास समजावून सांगितले. जाताना ते म्हातारे म्हणाले, "म्हंजी तुमी वाईट हाय ते बघायला पैसं देऊन जाता." साहेब म्हणाले, "हो." म्हातारे म्हणाले, "शिकल्याला मानूस," आणि गेले.

साहेबांच्या घरी वहिनींचे मत याहून कडक होते. "यांना बाजारात पाठवायची सोय नाही," त्या मला सांगत. "चांगली वांगी सोडून किडकी घेऊन येतील आणि मला म्हणतील, बघ, किडीनं कुठून सुरुवात केली." वहिनी दर दिवाळीला नगरला भावाकडे जात आणि तीन दिवसांत तीन गाजलेले चित्रपट बघून येत. परत आल्या की त्यांना ती गोष्ट कुणाला तरी सांगायची असे. साहेब कानात बोटे घालून बसत. "नमुना दूषित होतो," ते म्हणत. मग ती गोष्ट मी ऐकत असे. त्यामुळे त्या घरात गाजलेल्या चित्रपटांबद्दल नवऱ्यापेक्षा मला जास्त माहिती होती, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली नाही, पण ठरायला हवी होती.

आता नमुना क्रमांक सातबद्दल.

हा चित्रपट अशा दिग्दर्शकाचा होता, ज्याचे नाव त्या काळी घराघरात होते. त्याचे गाजलेले चित्रपट वहिनींनी दोन-दोनदा पाहिले होते. साहेबांनी त्याचे आधीचे तीन पडलेले पाहिले होते आणि त्याला "हात चांगला, भट्टी थंड" असा शेरा दिला होता. सातवा नमुना हा त्याचा चौथा आणि सगळ्यात जोरात आपटलेला चित्रपट.

त्या दिवशी जे झाले ते असे. नायक गरीब, नायिका श्रीमंत, वगैरे. मध्यंतरानंतर थोड्या वेळाने एकदम नायकाचे लग्न झालेले दिसले, त्यानंतर भांडण, त्यानंतर नायक विहिरीत पडून मेला. चिता पेटली. आई गाणे म्हणाली. लोक चपला शोधू लागले. आणि तेवढ्यात पडद्यावर नायक पुन्हा आला. ताजातवाना, दाढी केलेला. त्याने एक गाणे म्हटले, मित्राची चेष्टा केली, आणि मग तो शिंप्याकडे लग्नाचा कोट शिवायला गेला. शिंप्याने टेप लावली, तोंडातली टाचणी काढली आणि विचारले, "बाही किती ठेवू?"

पडदा पांढरा झाला. चित्रपट संपला.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. एकाने पडद्याच्या दिशेने उसाचे चिपाड भिरकावले. साहेबांनी माझे मनगट घट्ट धरून ठेवले होते. त्यांच्या वहीवर त्या वीस मिनिटांत एकही नोंद नव्हती. स्टॉपवॉच चालूच राहिले होते.

"काय माणूस आहे," ते हळूच म्हणाले. "माणूस मेला, जळला, आणि शेवटी प्रश्न काय उरला? बाही किती ठेवू."

त्यांनी त्यावर एक लेख लिहून थांबायला हवे होते. त्यांनी पाच लिहिले. मृत्यूनंतर जगण्याकडे वळून बघणारा हा पहिला शेवट आहे, असे त्यांनी लिहिले. अज्ञात तूट: शून्य, असे लिहिले, जे त्यांनी कारखान्यालाही कधी दिले नव्हते. एका अंकात या लेखामुळे जागा उरली नाही म्हणून एका चारीची, म्हणजे पाटाच्या एका फाट्याची, पाणीपाळी छापायची राहिली आणि त्या चारीवरचे लोक मोर्चा घेऊन आले.

दुसऱ्या लेखानंतर कधीतरी टॉकीजचे ऑपरेटर शमूभाई मला चहाच्या टपरीवर भेटले. शमूभाई म्हणजे सावकाश बोलणारा, सभ्य, पापभीरू माणूस. त्यांनी मला कोपऱ्यात नेले.

"साहेबांना सांगू नका," ते म्हणाले, "पण त्या दिवशी रिळं उलटी लागली."

आमच्या टॉकीजला स्वतंत्र प्रिंट परवडत नसे. एकच प्रिंट तालुक्याच्या टॉकीजमध्ये आणि आमच्याकडे चाले. तिथला खेळ अडीचचा, आमचा तीनचा. तिथे दोन रिळे संपली की गंगाराम नावाचा गडी ती पोत्यात घालून सायकलवरून दीड मैल आणायचा आणि पुढची न्यायला परत जायचा. त्या रविवारी गंगाराम नववे आणि दहावे रीळ घेऊन निघाला, आणि पाटाच्या अरुंद पुलावर उसाच्या एका बैलगाडीचा आस मोडला. मागे चाळीस गाड्या, पुढे चाळीस गाड्या. गंगारामने सायकल बांधाला लावली आणि ऊस खात बसला. इकडे तालुक्याच्या मॅनेजरने, गंगाराम परत येत नाही असे बघून, अकरा ते चौदा ही रिळे लांबच्या रस्त्याने येणाऱ्या एस.टी.त कंडक्टरजवळ देऊन टाकली. ती आधी पोहोचली.

"पब्लिक खुर्च्या बडवत होतं," शमूभाई म्हणाले. "हातात होतं ते लावलं. मग गंगाराम आला. मालक म्हणाले, तिकीट चौदा रिळांचं घेतलंय, चौदा दाखवा. मी चौदा दाखवली."

"म्हणजे शिंपी..."

"शिंपी दहाव्या रिळात आहे. लग्नाच्या आधी. कोट शिवतात, मग लग्न करतात. रीतच आहे."

मी साहेबांना त्याच दिवशी सांगायला हवे होते. पण तिसरा लेख स्टेन्सिलवर चढलेला होता आणि साहेब इतके आनंदात होते की मळीचे नमुने तपासताना गुणगुणत. आजवर त्यांनी फक्त वाया गेलेली साखर मोजली होती. कुणाच्या मळीत शुद्ध साखर सापडण्याची ही पहिलीच वेळ होती. मी म्हटले, नंतर सांगू. हंगाम संपला. मग मला वाटले, आता विषय मिटला.

पुढच्या हंगामात तो दिग्दर्शक स्वतः आला.

त्याला भंडारदऱ्याला शूटिंग करायचे होते आणि एका गाण्यासाठी तुरा आलेला ऊस हवा होता. आमच्या चेअरमनसाहेबांना, ज्यांना सगळा तालुका अण्णा म्हणे, कुणीतरी मुंबईहून चिठ्ठी दिली आणि दिग्दर्शक चार दिवसांसाठी कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर उतरला. साहेबांना तुऱ्याचे ऐकून वाईट वाटले. उसाला तुरा आला की त्यातली साखर उतरते. "दिसायला छान, आत काही नाही," ते म्हणाले. "पण ते त्यांच्या चांगल्या चित्रपटासाठी असेल."

अण्णांनी दिग्दर्शकाचा जाहीर सत्कार ठरवला आणि साहेबांना बोलावून घेतले.

"सिनेमातलं आपल्यात तुमालाच कळतं," अण्णा म्हणाले. "ओळख तुमी करून द्यायची. धा मिन्टं. आन केमिस्टसाहेब, चांगलं बोलायचं बरं का. पाव्हणे आपल्या कारखान्याची चिमणी सिनेमात घेनार हायेत. त्यांचं मन मोडलं तर तुमचं ते नमुना-बिमुना पत्रकातून बंद. त्या जागेवर मी खताची जाहिरात घेतो."

"मी खरं तेच बोलेन," साहेब म्हणाले.

"खरं बोला, पन चांगलं बोला," अण्णा म्हणाले.

तीन दिवस मी तळमळत होतो. साहेब हजारभर माणसांपुढे, त्या दिग्दर्शकाच्या तोंडावर, त्याने न केलेल्या गोष्टीची स्तुती करणार होते. लोक हसतील, दिग्दर्शक चिडेल, अण्णा सदर बंद करतील. आणि ते सदर हेच साहेबांचे आयुष्यातले एकमेव व्यसन होते. आदल्या दिवशी मी वहिनींना सगळे सांगितले. वहिनी शांतपणे मेथी निवडत होत्या.

"तुम्ही सांगा त्यांना," मी म्हणालो.

"मी?" वहिनी म्हणाल्या. "गेल्या वर्षभरात हा माणूस एकदाच म्हणालाय, अमुक एक गोष्ट फार चांगली झाली. ते मी काढून घेऊ? तुम्हीच सांगा."

मी सकाळी सांगायला गेलो. साहेबांनी इस्त्रीचा बुशशर्ट घातला होता. पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली होती. मी म्हणालो, "साहेब, तुमचं बटण तुटलंय." ते खरेच तुटले होते. एवढेच बोलून मी परत आलो.

सत्कार सकाळी दहाला, वजनकाट्याच्या मैदानात. शाल, श्रीफळ, आणि पाहुण्याला पेलवणार नाही एवढी उसाची मोळी. लाऊडस्पीकर शमूभाईंचा, म्हणून ते स्टेजच्या बाजूला यंत्रापाशी बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिटून घेतले.

साहेब उठले. "पाहुण्यांचे गाजलेले चित्रपट मी पाहिलेले नाहीत," त्यांनी सुरुवात केली. अण्णांनी शाल सावरली. "त्यांचे चार पडलेले चित्रपट मी पाहिले आहेत. पहिला त्रेचाळिसाव्या मिनिटाला पडतो. दुसरा सुरुवातीलाच पडतो, पण एकोणसत्तराव्या मिनिटाला उठायचा प्रयत्न करतो." मैदानात सभासद शांतपणे ऐकत होते, त्यांना हे सगळे पत्रकामुळे माहीत होते. दिग्दर्शक काळा चष्मा लावून बसला होता, त्यामुळे त्याला काय वाटते आहे ते कळायला मार्ग नव्हता. अण्णांना काय वाटते आहे ते मात्र मागच्या रांगेपर्यंत कळत होते.

मग साहेब सातव्या नमुन्यावर आले. त्यांचा आवाज बदलला. नायक मरतो, चिता पेटते, आणि मग तो मेलेला माणूस परत येऊन शिंप्यापुढे हात पसरून उभा राहतो, आणि शिंपी त्याला विचारतो की बाही किती ठेवू, हे त्यांनी असे काही सांगितले की पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी पदर डोळ्याला लावला. "हा शेवट," साहेब म्हणाले, "ज्याला सुचला, त्याला माझा नमस्कार." आणि त्यांनी खरोखर वळून नमस्कार केला.

दिग्दर्शक उठला. त्याने काळा चष्मा काढला. तो पुसून खिशात ठेवला. मी खुर्चीची कड धरली.

"आज अनेक वर्षांनी," तो म्हणाला, "मला कुणीतरी समजून घेतलं."

शमूभाईंनी डोळे उघडले.

"निर्मात्याचा त्या शेवटाला विरोध होता," दिग्दर्शक पुढे म्हणाला. "तो म्हणाला, माणूस मेल्यावर शिंपी कशाला? मी म्हटलं, शिंपी हाच तर चित्रपट आहे. मी त्या शेवटासाठी सात रात्री झोपलो नाही. मुंबईच्या समीक्षकांना तो दिसला नाही. तो दिसला इथे, या काळ्या मातीत..."

या ठिकाणी लाऊडस्पीकर कर्कश किंचाळला. तो आपोआप किंचाळला की किंचाळवला गेला, याची चौकशी झाली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णांनी साहेबांना मिठी मारली. सदर वाचले होते. साहेबांचे म्हणणे प्रत्यक्ष दिग्दर्शकाने मान्य केले होते. मी निःश्वास सोडला आणि ठरवले की आता हे आपल्याबरोबर जाणार.

दुपारी शमूभाई प्रयोगशाळेत आले. वर्षभर ज्या माणसाने मला गप्प बसवले होते, तो दारातूनच मोठ्याने बोलू लागला.

"साहेब," ते म्हणाले, "तो माणूस खोटं बोलला. ते त्याने नाही केलं. ते मी केलं."

आणि त्यांनी सगळे सांगितले. सायकल, पूल, एस.टी., रिळे. चूक होती तोवर ती त्यांनी लपवली होती. पण तिचे श्रेय दुसरा घेऊन गेला हे त्यांना सहन झाले नाही. "सात रात्री झोपला नाही म्हणे," ते म्हणाले. "खुर्च्या कुणाच्या डोक्यावर बडवत होते लोक? माझ्या डोक्यावर!"

साहेबांनी एक स्वच्छ नळी उचलली आणि धुतली. मग तीच पुन्हा धुतली.

"म्हणजे ती बाही," ते म्हणाले, "तशी कुणी ठेवलीच नव्हती."

बाहेर गाड्यांच्या बैलांच्या घंटा वाजत होत्या. मला त्या वेळी साहेबांकडे बघवले नाही.

"पण त्यांनी तर सांगितलं की मुद्दाम..." साहेब म्हणाले आणि थांबले. मग त्यांचा चेहरा सावकाश पूर्ववत झाला. "मळीत साखर सापडली की प्रत्येक मॅनेजर म्हणतो, मुद्दाम ठेवली," ते म्हणाले. त्यांनी कानावर पेन्सिल अडकवली. "शमूभाई, चित्रपट चांगला होता की नाही?"

"चांगला होता, साहेब. नंतर चार वेळा लावला, पण त्या दिवशीसारखा कधी झाला नाही."

"मग तो कुणी केला, हे शोधायला हवं. ही अज्ञात तूट नाही. ही अज्ञात वाढ आहे."

दुसऱ्या दिवशी गंगारामला बोलावले. गंगाराम आधी घाबरला, पण वारे कुठले आहे ते कळल्यावर ताठ झाला. "मीच अडकलो ना सायेब. मी येळेवर आलो असतो तर कसला शिंपी आन कसलं काय? शमूभाई नुस्ते बसल्याले हुते." शमूभाई म्हणाले, "ऊस कोण खात बसलं होतं?" गंगाराम म्हणाला, "त्योच तर मुद्दा हाय."

साहेबांनी दोघांचीही जबानी लिहून घेतली आणि म्हणाले, "आस कुणाचा मोडला?"

तो माणूस सापडायला चार दिवस लागले. तो पाथर्डीकडचा ऊसतोड्या होता. त्या हंगामातही आला होता आणि कारखान्याच्या मागे कोपी घालून बायको-बैलांसह राहत होता. साहेब स्वतः चालत गेले, मी मागे. तो बैलांपुढे उसाचे वाढे टाकत होता.

"गेल्या साली पाटाच्या पुलावर तुमच्या गाडीचा आस मोडला होता?"

त्याने वाढे खाली ठेवले. "सायेब, म्या काय मुद्दाम मोडला व्हय? बाभळीचा हुता, जुना हुता. एक साल झालं की आता. आज कशापायी इचारता?"

"मुद्दाम नव्हता?"

"न्हाई ओ. आयशप्पत न्हाई."

साहेबांनी समाधानाने मान हलवली. आजवर विचारलेल्यांत मुद्दाम केले नाही असे म्हणणारा हा पहिलाच. "त्यामुळे एक चित्रपट फार चांगला झाला," ते म्हणाले.

तो माणूस माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवून दुजोरा दिला.

"मंग," तो वाढे पुन्हा उचलत म्हणाला, "आमच्या तोडीच्या पाळीचं काय बघता का? लई आडरानात फड दिलाय आमाला."

पुढच्या पत्रकात शुद्धिपत्र आले. मीच टाईप केले. "नमुना क्रमांक सातच्या शेवटाचे श्रेय अनवधानाने दिग्दर्शकास देण्यात आले होते. ते पुढीलप्रमाणे वाचावे: मांडणी, शमूभाई, ऑपरेटर. विलंब, गंगाराम. मूळ कल्पना, बाभळीचा आस." सहीसह.

अण्णांनी साहेबांना बोलावून घेतले. दिग्दर्शकाच्या मुंबईच्या पत्त्यावर पत्रक नियमाप्रमाणे गेले होते.

"मागं घ्या हे," अण्णा म्हणाले. "पाव्हण्यांनी भर सभेत सांगितलंय, त्यांनी केलं. त्यांचं काय खोटं?"

"खोटं आहे."

"असू द्या की खोटं! आपली चिमणी जातीय सिनेमातनं."

"अहवाल मागे घेता येत नाही, अण्णा. उद्या तुम्ही उतारा मागे घ्यायला सांगाल."

उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती साखर निघाली तो आकडा, आणि सभासदांना उसाचा भाव त्यावरच मिळे. अण्णांनी उताऱ्याबद्दल खरोखरच काही विचार केला असावा, कारण ते लगेच म्हणाले, "बरं, ऱ्हाऊ द्या. पन सदर बंद."

सदर बंद झाले. त्या जागेवर खताची जाहिरात आली. चिमणी सिनेमात आली नाही. दिग्दर्शकाने तुरा आलेला ऊस दुसऱ्याच तालुक्यात शोधला. सभासदांपैकी त्या एका म्हाताऱ्याने मला रस्त्यात थांबवून विचारले, "आता गाळाचं कोन बघतं?"

साहेबांनी समीक्षा सोडली नाही. प्रयोगशाळेच्या रोजच्या नोंदवहीत शेवटी 'शेरा' असा एक रकाना असतो, तो आजवर कुणी भरला नव्हता. सोमवारच्या पानावर त्या रकान्यात ते बारीक अक्षरात नमुना लिहू लागले. नमुना नऊ, नमुना दहा. वही दर महिन्याला हेड ऑफिसला जाऊन तपासल्याची सही होऊन परत येई. रविवारी तीनच्या खेळाला ते त्याच खुर्चीत बसत, पण आता खेळ सुरू व्हायच्या आधी बाहेर येऊन पाटाच्या पुलाकडे एकदा बघत. गाड्यांची रांग लांब असली की त्यांचा चेहरा उजळे.

त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. पाट कोरडा पडला, ऊस वाळला, कारखाना सुरूच झाला नाही आणि पाथर्डीकडची माणसे आपल्याच तालुक्यात खडी फोडायला गेली. पुलावर एकही गाडी नसे. गंगाराम दहा मिनिटांत यायचा. त्या वर्षी आमच्या टॉकीजमध्ये प्रत्येक चित्रपट एक ते चौदा असा क्रमाने लागला, आणि साहेबांना त्यातला एकही आवडला नाही.